सिद्धार्थ दोन, माणूस एकच



ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकाचा अभ्यासक्रम करीत आहे, त्या घरासाठी आजचे सदर आहे. ज्यांच्या घरी कोणी तसे शिकत नाही त्यांनीही पहिला भाग वाचावा. पैसे भरूनही यादीत आपले नाव बाकीदार म्हणून का लागते, हा प्रश्न उद्या त्यांच्यावरही येऊ शकतो.

बारामती तालुक्यातील मोरगाव हे कऱ्हा नदीच्या काठचे गाव. बाहेरच्या माणसाला ते मयूरेश्वराच्या देवळामुळे आणि अष्टविनायकाच्या यात्रेमुळे ठाऊक असते. आम्ही तेथे गेलो ते एप्रिल महिन्यात, जयंतीच्या तयारीच्या दिवसांत, नात्यातल्या एका घरी. त्या वस्तीतील एक मुलगी बारामतीला संगणक शिकते. आई दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाते, वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला आहेत. घरात वापरलेला, कोणाकडून तरी स्वस्तात घेतलेला लॅपटॉप आहे. जयंती मंडळाने तिला सांगितले, "बाळ, एवढी शिकतेस, तर यंदा वर्गणीची यादी तूच कर." तिला आनंद झाला. गेल्या वर्षीची कुटुंबांची यादी एका टंकलेखकाने करून दिली होती, ती तिने घेतली. यंदाच्या पावत्या स्वतः मोबाईलवर भरल्या. दोन्ही याद्या ताडून ज्यांची वर्गणी यायची राहिली आहे त्यांची नावे काढणारा छोटा प्रोग्राम तिने पायथन भाषेत लिहिला. १२ एप्रिलला बाकीदारांची यादी विहाराच्या फळ्यावर लागली.

संध्याकाळी गवंडीकाम करणारे एक वयस्क गृहस्थ त्या फळ्यापुढे बराच वेळ उभे होते. त्यांचे नाव यादीत होते. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पाचशे रुपयांची पावती काढली आणि कोणाला दाखवावी हे न कळून तशीच हातात धरली. शेजारची दोन-चार तरुण पोरे हसली. मुलगी धावत आली. ते तिला म्हणाले, "पोरी, माझ्या बापानं दीक्षा घेतली तवापासनं आमच्या घरची वर्गणी कधी ऱ्हायली न्हाई. आन् आज माझं नाव फळ्यावर?"

ती म्हणाली, "आबा, यंत्रानं दाखवलं."

"यंत्राला कुणी सांगितलं गं? तूच ना?"

याला उत्तर नव्हते. तिने कागद फळ्यावरून काढला आणि घरी जाऊन रडत बसली. रात्री जेवणानंतर आम्ही तिच्याजवळ बसलो. आम्हाला या विषयातले थोडेफार कळते. पावती तिनेच भरली होती, रक्कम बरोबर होती, नावही होते. कुटुंबांच्या यादीतही नाव होते. दोन्हीकडे सिद्धार्थ आणि पुढे तेच वडिलांचे नाव, तेच आडनाव. तरीही प्रोग्राम म्हणत होता की ही दोन नावे सारखी नाहीत.

येथे एक खुलासा करतो. आमच्या या पानात इंग्रजी अक्षरे घेत नाहीत, म्हणून आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. यंत्रावर त्या इंग्रजी लहान लिपीत टाकाव्यात, फक्त 'एनएफसी' मोठ्या लिपीत; आकडेही इंग्रजी. 'नाव', 'अक्षर' असे आपण ठेवलेले शब्द मात्र मराठीत टाकले तरी पायथनला चालतात. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

नाव दिसायला सारखे आणि यंत्राला वेगळे असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. यंत्रालाच विचारावे की तुझ्यापाशी नेमके काय आहे. त्यासाठी तीन ओळी पुरतात :

इम्पोर्ट युनिकोडडेटा
फॉर अक्षर इन नाव :
    प्रिंट ( युनिकोडडेटा.नेम ( अक्षर ) )

तिसरी ओळ चार मोकळ्या जागा सोडून आत घ्यायची. या आज्ञेने नावातील प्रत्येक चिन्हाचे अधिकृत नाव एकाखाली एक छापून येते. मुलीने आधी पावतीतील नाव दिले, मग जुन्या यादीतील. दोन्ही वेळा नऊ ओळी आल्या. आपल्या डोळ्यांना सिद्धार्थ या शब्दात तीन अक्षरे दिसतात. यंत्रात ती स, वेलांटी, द, हलन्त, ध, काना, र, हलन्त, थ अशी नऊ चिन्हे असतात. पावतीत तिसऱ्या ओळीला द आला, चौथ्या ओळीला हलन्त, पाचव्या ओळीला ध. जुन्या यादीत आधी ध, मग हलन्त, मग द. म्हणजे एकीकडे 'सिद्धार्थ' आणि दुसरीकडे 'सिध्दार्थ'. चिन्हे तितकीच, फक्त दोघांनी जागा बदललेली. बाकीदारांच्या यादीत सात नावे होती. त्यांतली चार याच कारणाने आली होती, आणि चारही नावांत द्ध होता.

हा दोष त्या टंकलेखकाचा एकट्याचा नाही. आपल्या गावोगावच्या कमानी, फलक, लग्नपत्रिका, जयंतीचे बॅनर पाहा. 'बुध्द', 'बौध्द', 'प्रबुध्द' असेच पुष्कळ ठिकाणी दिसेल. आमच्या अंकातही असे छापून गेले आहे, हे कबूल केले पाहिजे. मूळ शब्द बुध् या धातूला त लागून झालेला आहे. त्यात द आधी येतो आणि ध नंतर. बाबासाहेबांनी १९५६ साली 'जनता'चे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' केले, त्या काळी छापखान्यात खिळे हाताने जुळवीत आणि द्ध या जोडाक्षराचा खिळा वेगळाच असे. जुळारी तो उचलून लावी, चुकायचे कारण कमी. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या. ध ची उभी दांडी काढली की अर्धा ध तयार होतो. द ला अशी काढता येण्याजोगी दांडी नाही. म्हणून अर्धा ध आणि पुढे द असे जोडून काम भागवायची सवय हातांना लागली. यंत्रे गेली, पण रेमिंग्टन पद्धतीचा तोच कळफलक संगणकावर आला आणि सवयही त्याच्याबरोबर आली. माणूस दोन्ही रूपे वाचून बुद्धच म्हणतो. यंत्र म्हणत नाही.

आता दुसरे उदाहरण, तेही त्याच गावचे. कऱ्हा नदीचे नाव घ्या. आचार्य अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्रामुळे ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. यातला अर्धा र रफार होऊन ह च्या डोक्यावर जात नाही, आडवा राहतो. मराठीत तो जागोजागी लागतो : दुसऱ्या, वाऱ्यावर, वऱ्हाड. संगणकावर तो दोन मार्गांनी काढता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. युनिकोडच्या तक्त्यात हा ऱ दक्षिणेकडील भाषांच्या उच्चारासाठी म्हणून नोंदलेला आहे, पण त्याच्या अर्ध्या रूपाने मराठीचे काम होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर कऱ्हा लिहायला के, शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई या कळा दाबाव्यात. दुसरा मार्ग साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे चिन्ह. त्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. कागदावर दोन्ही अगदी एकसारखे उमटतात. ज्यांना यांपैकी काहीच सापडत नाही ते 'कर्हा' लिहून मोकळे होतात. अशा रीतीने एका नदीच्या यंत्रात तीन नद्या होतात, आणि पत्त्यात 'कऱ्हा' शोधणाऱ्याला तिसरा हिस्सा घरे सापडतात.

मुलीने त्या रात्री जी दुरुस्ती केली ती पुढे देतो. हिला आम्ही 'तुलनारूप' असे नाव दिले. आधी जोडक आणि तोडक ही दोन न दिसणारी चिन्हे नावानिशी ठेवून घ्यायची :

जोडक = सीएचआर ( ०एक्स२००डी )
तोडक = सीएचआर ( ०एक्स२००सी )

डेफ तुलनारूप ( नाव ) :
    नाव = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ ( "एनएफसी" , नाव )
    नाव = नाव.रिप्लेस ( "र्" + जोडक , "ऱ्" )
    नाव = नाव.रिप्लेस ( जोडक , "" )
    नाव = नाव.रिप्लेस ( तोडक , "" )
    नाव = नाव.रिप्लेस ( "ध्द" , "द्ध" )
    रिटर्न " ".जॉइन ( नाव.स्प्लिट ( ) )

पहिली ओळ निरनिराळ्या रीतीने साठवलेली एकच खूण एका रूपात आणते. कोणी र आणि नुक्ता वेगवेगळे टाकले असतील तर त्यांचा एक ऱ होतो. शेवटची ओळ नावाच्या आगेमागे राहिलेल्या आणि मध्ये दुप्पट पडलेल्या मोकळ्या जागा काढते. या जागांनीही पुष्कळ घोटाळे होतात. ओळींचा क्रम मात्र बदलू नये. जोडक आधी काढून टाकला तर अर्धा र उरत नाही, त्याचा रफार होतो आणि आपली कऱ्हा पुन्हा 'कर्हा' होते.

मग 'र्ह' दिसेल तेथे सरळ 'ऱ्ह' का करू नये? आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण 'अर्हत' हा शब्द आहे ना! त्यात खराच रफार आहे. घाऊक बदल केला तर सगळे अर्हत बिघडतील. 'ध्द' असा शुद्ध मराठी शब्द आमच्या माहितीत एकही नाही, म्हणून तेवढा बदल निर्धास्तपणे करता येतो. 'र्ह' ची नावे वेगळी काढून माणसाने डोळ्यांखालून घालावीत.

आणखी एक गोष्ट आम्हाला आज्ञेच्या ओळींपेक्षाही महत्त्वाची वाटते. हे तुलनारूप फक्त ताडण्यासाठी आहे. मूळ नाव माणसाने जसे दिले तसेच साठवावे आणि तसेच छापावे. एखाद्याच्या शाळेच्या दाखल्यावर, जातीच्या प्रमाणपत्रावर आणि शिधापत्रिकेवर 'सिध्दार्थ' असेच असेल, तर आपल्या शुद्धलेखनाच्या हौसेपायी त्याच्या नावात बदल करायचा अधिकार आपल्याला नाही. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात म्हणून १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून आपल्या समाजाने कागदावरच्या एकेका अक्षरासाठी किती हेलपाटे घातले हे घराघरांत ठाऊक आहे. दोन कागदांत नाव वेगळे दिसले की पुढचा कारकून फाईल परत करतो. त्यात आपल्या मुलीच्या प्रोग्रामने तिसरे रूप वाढवू नये. तसेच तुलनारूप जुळले म्हणून दोन माणसे आपोआप एक करू नयेत. एकाच आडनावाच्या भावकीत एकाच नावाचे दोघे असतात. यंत्राने शंका काढावी, निवाडा मंडळाने करावा.

आता यंत्र मांडून घेण्याविषयी थोडे. पायथन फुकट मिळते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. विंडोजवर ते बसविताना पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ'मध्ये घालण्याविषयी एक चौकट असते, तिच्यात खूण करावी. ती राहिली की पुढे आज्ञा दिल्यावर यंत्र 'असे काही माहीत नाही' म्हणते आणि मुले घाबरतात. लिहिण्यासाठी व्हीएस कोड हे साधन घ्यावे, तेही फुकट आहे. त्याच्या खालच्या पट्टीत उजव्या बाजूला 'यूटीएफ-८' असे दिसते की नाही ते पाहत जावे. लॅपटॉप नसेल तर अडून बसू नये. ब्राउझरमध्ये चालणारे गूगलचे कोलॅब आहे, अँड्रॉइड मोबाईलवर पायड्रॉइड आहे. लहान पडद्यावर त्रास होतो खरा, पण वरच्या ओळी त्यावरही चालतात.

फाईल उघडताना प्रत्येक वेळी 'एन्कोडिंग' म्हणून 'यूटीएफ-८' स्पष्ट लिहावे :

ओपन ( "यादी.सीएसव्ही" , एन्कोडिंग = "यूटीएफ-८" )

हे लिहिले नाही तर विंडोजवर पायथन बहुधा यंत्राची जुनी पाश्चात्त्य लिपी गृहीत धरते. आणि यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर साठवताना 'यूटीएफ-८-सिग' लिहावे. त्याने फाईलच्या सुरुवातीला एक खूण पडते, ती पाहून एक्सेल मराठी नीट वाचते. मंडळाचे खजिनदार एक्सेलच उघडणार, त्यामुळे ही ओळ विसरू नये.

मराठी बिघडलेली दिसली की मुले 'फाईल खराब झाली' म्हणून सगळे पुसून टाकतात. थांबावे. बिघाडाचे तीन प्रकार आहेत आणि ते नुसत्या नजरेने ओळखता येतात. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर ठीक आहे, यंत्रात मराठी टंक नाही. नोटो सॅन्स देवनागरी फुकट उतरवून घ्यावा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा, चित्रविचित्र खुणांसह दिसला, तर मजकूर जिवंत आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचला जात आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि त्यांतला पहिला नेहमी एकच असतो. जुन्या पाश्चात्त्य लिपीत त्याचाच तो रेघवाला ए होतो. योग्य एन्कोडिंग देऊन उघडले की मराठी परत येते. पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठलेली असतील, तर मात्र नावे गेली. ती कोणत्याही आज्ञेने परत येत नाहीत. हे बहुतेक वेळा माहितीसाठ्याच्या मांडणीत होते. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपूर्वी न सांगता 'लॅटिन१' ही लिपी धरली जाई, आणि तीत देवनागरीला जागाच नाही. साठा तयार करताना पहिल्याच ओळीत 'यूटीएफ८एमबी४' लिहावे. शंभर कुटुंबांची नावे प्रश्नचिन्हे झाल्यावर दारोदार फिरून पुन्हा गोळा करावी लागतात, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर लोक तितक्या प्रेमाने सांगत नाहीत.

सीडॅकच्या किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकांत केलेला मजकूर हा वेगळाच विषय आहे. तेथे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसविलेले असतात, वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. त्याचे रूपांतर या ओळींनी होणार नाही. त्याविषयी सवडीने लिहू.

आकड्यांची एक युक्ती सांगून टाकतो. कोणी '५००' मराठीत भरते, कोणी इंग्रजीत. ताडताना दोन्ही वेगळे ठरतात. पण पायथनच्या 'इंट' या आज्ञेला मराठी आकडे वाचता येतात, त्यामुळे रक्कम 'इंट' करूनच साठवावी. फोन क्रमांकाला ही युक्ती लावू नये, पुढचे शून्य गळते. वर्णानुक्रम लावतानाही सावध असावे. यंत्र ळ ला ल नंतर घालते आणि क्ष ला क मध्ये. आपल्या मुळाक्षरांत ती शेवटी येतात.

आणि पालकांसाठी एक. मुले केलेले काम दाखवायला गिटहबसारख्या ठिकाणी ठेवतात. नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होतो, ठेवू द्यावे. पण वस्तीतील लोकांची नावे, फोन, कोणी किती वर्गणी दिली हे त्यात जाता कामा नये. प्रोग्राम उघड्यावर ठेवावा, खरी यादी घरी ठेवावी. नमुन्यासाठी खोटी नावे घालावीत. सगळेच ठेवायचे असेल तर खासगी कोठार तेथे फुकट मिळते, तेवढी खूण करायला मुलीला किंवा मुलाला आज संध्याकाळी विचारावे.

मोरगावची हकिगत राहिली. १३ तारखेला सकाळी नवी यादी लागली, तीन नावांची. मुलगी ती लावण्याआधी आबांच्या घरी गेली, आईला बरोबर घेऊन. तिने लॅपटॉपवर ते नऊ ओळींचे दोन स्तंभ त्यांना दाखवले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण दोन ओळींची अदलाबदल त्यांनी बोटाने बरोबर दाखवली आणि म्हणाले, "म्हंजे मी दोन झालो व्हतो व्हय!" मग त्यांनी चहा ठेवायला सांगितला. वर्गणी ज्यांची खरोखर बाकी होती त्या तिघांपैकी दोघांनी दुपारपर्यंत आणून दिली.

विहाराच्या दरवाज्यावरच्या पाटीवर मात्र अजून 'बुध्द' आहे. आबांनी ती त्याच दिवशी मंडळाला दाखवली. पेंटरने रंगासह बाराशे रुपये सांगितले आहेत. वैशाख पौर्णिमेपूर्वी पाटी उतरवायची असे ठरले असून शिडी आणि सिमेंटचे काम आबा स्वतः करणार आहेत.